उष्णतावाहकतेची एककं बदलताना: आधी एकक सुटं करा, मग कॅल्क्युलेटर हातात घ्या

गुळाच्या कोल्ड स्टोरेजची भिंत, शिरोलीच्या फौंड्रीतल्या भट्टीचं अस्तर, साखर कारखान्याची स्टीम लाइन, दूध शीतकरण केंद्राची टाकी. या सगळ्यांचा उष्णतेचा हिशोब शेवटी एकाच आकड्यावर येतो: वापरलेल्या मालाची उष्णतावाहकता, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते. हा आकडा प्रत्येक पुरवठादार वेगळ्या एककात देतो. जुन्या भारतीय कागदांत किलोकॅलरी असते, अमेरिकी कागदांत बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट), धातूंच्या जुन्या तक्त्यांत कॅलरी आणि सेंटिमीटर. एककं बदलताना चूक झाली की पॅनेलची जाडी, कॉम्प्रेसरची क्षमता, भट्टीचं वीजबिल असं सगळंच चुकत जातं.

चुका दोन जातीच्या असतात. बारा पटीची चूक ओरडून सांगते, कारण उत्तरच अशक्य येतं. चौदा टक्क्यांची चूक मात्र गप्प बसते, उत्तर शक्य कोटीतलं वाटतं आणि माल बसून जातो. खालचे टप्पे दोन्ही पकडतात, पण ते क्रमाने करायला हवेत. थेट गुणकावर उडी मारली की पहिले दोन टप्पे सुटतात, आणि बहुतेक चुका तिथल्याच असतात.

टप्पा १: कागदावरून पाच गोष्टी उतरवून घ्या

डेटाशीट समोर ठेवून कोऱ्या कागदावर हे लिहा:

१. आकडा, दशांश चिन्हासकट जसाच्या तसा.
२. एकक, प्रत्येक तिरपी रेघ, कंस आणि वर्गचिन्हासकट.
३. मोजणीचं सरासरी तापमान. इन्सुलेशनच्या कागदावर ते बहुधा ‘मीन टेम्परेचर’ म्हणून दिलेलं असतं.
४. ते तापमान सेल्सिअसमध्ये आहे की फॅरनहाइटमध्ये.
५. मालाची घनता. १२८ किलो/घनमीटरचं सिरॅमिक फायबर आणि ९६ किलोचं एकसारखं वागत नाहीत.

एकक मनात ठेवून नुसता आकडा एक्सेलमध्ये टाकू नका. दोन दिवसांनी ०.१६ कशाचे होते हे कुणालाच आठवत नाही.

⚠ सावधान: इन्सुलेशनच्या अमेरिकी कागदावर ‘के फॅक्टर’ लिहिलेलं असेल तर तो बहुतेक वेळा इंचवाल्या बीटीयूतला आकडा असतो. हा ‘के’ आणि केल्विनचा ‘के’ वेगळे आहेत. गोंधळ नको म्हणून तुमच्या कागदावर केल्विन हा शब्द पूर्ण लिहा.

टप्पा २: हा आकडा वाहकतेचाच आहे का, ते ठरवा

डेटाशीटवर तीन वेगवेगळ्या राशी शेजारी शेजारी छापलेल्या असतात.

वाहकता हा मालाचा गुण आहे. जाडी बदलली तरी ती बदलत नाही. तिच्या एककात काटछाट केल्यावर छेदात लांबी एकदाच उरते, जसं वॅट/(मीटर·केल्विन).

यू-मूल्य हे त्या विशिष्ट जाडीच्या भिंतीचं असतं. त्याच्या छेदात क्षेत्रफळ असतं आणि वर जाडी नसते, जसं वॅट/(चौ.मीटर·केल्विन). १ बीटीयू/(तास·चौ.फूट·°फॅ) म्हणजे ५.६७८ वॅट/(चौ.मीटर·केल्विन). यू-मूल्याला वाहकतेचा गुणक लावला तर येणाऱ्या उत्तराला काही अर्थ नाही.

आर-मूल्य म्हणजे उष्णतेला होणारा विरोध. अमेरिकी आर-मूल्याला ०.१७६१ ने गुणलं की चौ.मीटर·केल्विन/वॅट मिळतं. कागदावर ‘दर इंचाला आर ६’ असं असेल तर १ भागिले ६, म्हणजे ०.१६७ हा इंचवाल्या बीटीयूतला वाहकतेचा आकडा झाला. ‘आर ६’ एवढंच लिहिलं असेल आणि ‘दर इंचाला’ हे शब्द नसतील, तर तो आकडा पूर्ण पॅनेलचा आहे. जाडी कळल्याशिवाय त्यातून वाहकता निघत नाही. पुरवठादाराकडून जाडी मागवून घ्या.

टप्पा ३: एकक चार तुकड्यांत सुटं करा

वाहकतेच्या कुठल्याही एककात चार गोष्टी असतात: उष्णता, वेळ, लांबी आणि तापमानातला फरक. वॅटमध्ये उष्णता आणि वेळ एकत्र आलेले असतात, कारण १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल. चार तुकडे चार ओळींत लिहा:

- उष्णता: ज्यूल, कॅलरी, किलोकॅलरी की बीटीयू?
- वेळ: सेकंद की तास?
- लांबी: मीटर, सेंटिमीटर, फूट की इंच?
- फरक: केल्विन किंवा °सेल्सिअस (दोन्ही सारखेच), की °फॅरनहाइट?

सगळ्यात जास्त फसगत लांबीच्या ओळीवर होते. कारण लांबी दोन तऱ्हेने लिहितात: थेट ‘दर फूट’, किंवा ‘दर चौरस फूट, इंच जाडीला’. दुसऱ्या तऱ्हेत इंच वर असतो आणि चौ.फूट खाली. काही कागदांवर ती ‘बीटीयू/तास/चौ.फूट/°फॅ/इंच’ अशी सलग रेघांनी छापलेली असते. इथे शेवटचा इंच छेदात आहे असं वाटतं, पण अभिप्रेत अर्थ ‘दर इंचाला इतके °फॅ’ असा आहे. म्हणजे ‘°फॅ/इंच’ ही एकच जोडी, ती अख्खी छेदात, आणि म्हणून इंच वर येतो. एककात चौ.फूट आणि इंच दोन्ही दिसले की ते इंचवालं बीटीयू समजा.

हीच गत ‘कॅलरी/चौ.सेंमी/सेंमी/°से/सेकंद’ची. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या ॲल्युमिनियम तक्त्यांत हे असं लिहिलेलं सापडतं. काटछाट केल्यावर ते कॅलरी/(सेंमी·सेकंद·°से) एवढंच राहतं.

✔ तपासा: चारही ओळी भरल्या का? एखादी रिकामी असेल तर पुढे जाऊ नका. ‘तास’ लिहिलेला नसला तर अंदाज करू नका. तास आणि सेकंद यांत ३,६०० पटीचा फरक आहे.

टप्पा ४: योग्य गुणक लावा

सगळं वॅट/(मीटर·केल्विन) मध्ये आणायचं. मधल्या कुठल्याही एककात थांबायचं नाही. मूळ आकड्याला पुढच्या गुणकाने गुणा:

- किलोकॅलरी/(मीटर·तास·°से): १.१६३
- कॅलरी/(सेंमी·सेकंद·°से): ४१८.६८
- बीटीयू/(तास·फूट·°फॅ), म्हणजे फूटवालं: १.७३०७
- बीटीयू·इंच/(तास·चौ.फूट·°फॅ), म्हणजे इंचवालं: ०.१४४२३
- वॅट/(सेंमी·केल्विन): १००
- मिलिवॅट/(मीटर·केल्विन): ०.००१
- वॅट/(इंच·°से): ३९.३७
- वॅट/(मीटर·°से): १, काहीच करायचं नाही

उलट जायचं असेल तर त्याच गुणकाने भागा. उलट दिशेचे गुणक वेगळे पाठ करू नका, दिशा चुकते.

१.१६३ लक्षात ठेवायला सोपा आहे. रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या प्रत्येकाला १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी हे तोंडपाठ असतं. १,००० भागिले ८६० केलं की १.१६३ येतो.

काही तक्त्यांत १.१६२ आणि ४१८.४ सापडतील. ती चूक नाही. कॅलरीच्या दोन व्याख्या आहेत, ४.१८६८ ज्यूल आणि ४.१८४ ज्यूल. फरक ०.०७ टक्के, कारखान्याच्या कामात त्याने काही बिघडत नाही. फक्त एका हिशोबात एकच व्याख्या ठेवा.

⚠ सावधान: फूटवाल्या आणि इंचवाल्या बीटीयूत बरोबर १२ पटीचा फरक आहे. एकाच मालाचा इंचवाला आकडा फूटवाल्याच्या १२ पट असतो. ३०४ स्टेनलेसचं उदाहरण घ्या: १६.२ वॅट/(मीटर·केल्विन) म्हणजे फूटवाले ९.३६ आणि इंचवाले ११२. दोन्ही आकडे बाजारातल्या डेटाशीटवर भेटतात आणि दोन्ही बरोबर असतात.

टप्पा ५: तक्त्यात नसलेलं एकक आलं तर गुणक स्वतः बनवा

टप्पा ३ मधल्या चार ओळी इथे कामी येतात. फूटवाल्या बीटीयूचा गुणक असा निघतो:

१. उष्णता: १ बीटीयू = १,०५५.०५६ ज्यूल.
२. वेळ: तास छेदात, म्हणून ३,६०० ने भागा. ०.२९३०७ वॅट आले.
३. लांबी: फूट छेदात, म्हणून ०.३०४८ ने भागा. ०.९६१५२ आले.
४. फरक: १ °फॅ चा फरक म्हणजे ५/९ केल्विन, तोही छेदात, म्हणून ५/९ ने भागा, म्हणजेच १.८ ने गुणा. १.७३०७ आले.

चौथ्या पायरीवर कॅल्क्युलेटर घात करतो. ‘÷ ५ ÷ ९’ किंवा ‘× ५ ÷ ९’ दाबलं की उत्तर चुकतं. दुसऱ्या चुकीत ०.५३४ येतात, खऱ्यापेक्षा ३.२४ पट कमी. कंसाच्या भानगडीत न पडता सरळ १.८ ने गुणा.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: त्यातल्या ‘कन्व्हर्ट’ सूत्रात उष्णतावाहकतेचा गट नाही. तुकडे जोडून काम करावं लागतं. ऊर्जा, लांबी, वेळ यांचे तुकडे त्याने करा, पण तापमानाचा तुकडा त्याने करू नका. १ फॅरनहाइटचं केल्विन विचारलं तर ते २५५.९३ देतं, कारण ते तापमान बदलून देतं, तापमानातला फरक नाही. आपल्याला हवा असतो फरक, म्हणजे ०.५५५६.

टप्पा ६: तापमानाचे दोन प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न एककातल्या अंशाचा. तो फक्त फरक आहे, म्हणून °से आणि केल्विन एकच. एककात केल्विन दिसला म्हणून कुठेही २७३ मिळवायचे नाहीत. भिंतीच्या दोन बाजूंना ३५ आणि ४ °से असतील तर फरक ३१ °से, आणि केल्विनमध्येही ३१च.

दुसरा प्रश्न आकडा कोणत्या तापमानाला मोजला याचा. तिथे मात्र पूर्ण तापमान बदलायचं: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, मग ५/९ ने गुणा. ‘५०० °फॅ मीन’ म्हणजे २६० °से. अमेरिकी चाचण्यांत नेहमी दिसणारे ७५ °फॅ म्हणजे २४ °से.

या दुसऱ्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होतं. सिरॅमिक फायबर, रॉकवूल, इन्सुलेटिंग वीट यांची वाहकता तापमानाबरोबर चांगलीच वाढते. २४ °से ला मोजलेला आकडा एककात अगदी अचूक बदलला आणि ४०० °से च्या अस्तराला लावला, तर एकक बरोबर असूनही उष्णतेची गळती कमी दिसेल. सरासरी तापमान प्रत्येक थराचं वेगळं काढा: त्या थराची आतली आणि बाहेरची बाजू, भागिले दोन. अख्ख्या भिंतीची एकच सरासरी काढून सगळ्या थरांना लावू नका.

टप्पा ७: उत्तर शक्य आहे का, ते पाहा

वॅट/(मीटर·केल्विन) मध्ये आल्यावर आकडा साधारण इथे पडायला हवा: पफ (पॉलियुरेथेन फोम) ०.०२ ते ०.०३, ग्लासवूल, रॉकवूल सामान्य तापमानाला ०.०४ च्या आसपास, इन्सुलेटिंग वीट काही दशांश, फायरक्ले वीट १ च्या थोडी वर, ३०४ स्टेनलेस १५-१६, साधं पोलाद आणि ग्रे आयर्न ४५ ते ५५, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू १०० ते २००, शुद्ध ॲल्युमिनियम २३७, तांबं ४०१. पाणी ०.६ आणि स्थिर हवा ०.०२६.

हवेचा आकडा खास लक्षात ठेवा. रॉकवूल किंवा ग्लासवूलच्या पोकळ्यांत हवाच असते, त्यामुळे त्यांचं उत्तर ०.०२६ च्या खाली गेलं तर एकक तपासा. पफ थोडं खाली जातं, कारण त्याच्या बंद पेशींत हवेपेक्षा कमी वाहक वायू असतो.

एक्सेलचा तक्ता नव्याने बनवला असेल किंवा दुसऱ्याकडून आणला असेल तर त्यातून आधी तांबं पास करा. ४०१ टाकल्यावर किलोकॅलरीत ३४४.८, कॅलरी-सेंटिमीटरमध्ये ०.९५८, फूटवाल्या बीटीयूत २३१.७ आणि इंचवाल्यात २,७८० यायला हवेत. यातला एक जरी जुळला नाही तर तो तक्ता वापरू नका.

फौंड्रीतलं एक उदाहरण. एलएम ६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची वाहकता जुन्या तक्त्यात ०.३४ कॅलरी/(सेंमी·सेकंद·°से) दिलेली असते. गुणिले ४१८.६८, उत्तर १४२.३५. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये १४२ भरा. १४२.३५ लिहिणं ही खोटी अचूकता आहे: मूळ ०.३४ म्हणजे ०.३३५ ते ०.३४५ मधलं काहीही असू शकतं, आणि त्याचा पल्ला १४०.३ ते १४४.४ पडतो. उलट, ०.३४ तसेच भरले तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते त्या धातूला इन्सुलेटिंग विटेसारखं समजून घट्ट होण्याचा वेळ काढतं, आणि रायझर (ओतकाम घट्ट होताना जादा धातू पुरवणारा साठा) कुठे द्यायचा हा निर्णय त्या चित्रावर होतो.

✔ तपासा: आलेलं उत्तर गुणकाने परत भागून मूळ आकडा मिळतो का ते बघा. मधल्या पायऱ्यांवर दशांश कापू नका, शेवटी एकदाच कापा.

टप्पा ८: हिशोबात घालताना जाडी आणि थर सांभाळा

सपाट भिंतीत जाडी मीटरमध्येच घालायची: १०० मिमी म्हणजे ०.१. पाइपच्या सूत्रात बाहेरची त्रिज्या भागिले आतली त्रिज्या असं गुणोत्तर असतं, त्यामुळे तिथे दोन्ही इंचांत असल्या तरी चालतात. मात्र एक इंचांत आणि एक मिमीत नको. उत्तर दर मीटर लांबीला येतं, कारण वाहकतेत मीटर आहे.

*कोल्ड स्टोरेज, बारा पटीची चूक.* पफ पॅनेल १०० मिमी, कागदावर ०.१६ बीटीयू·इंच/(तास·चौ.फूट·°फॅ). बाहेर ३५, आत ४ °से, भिंती-छताचं क्षेत्रफळ २०० चौ.मीटर.

बरोबर: ०.१६ × ०.१४४२३ = ०.०२३१. गळती ०.०२३१ × ३१ ÷ ०.१ = ७.१६ वॅट दर चौ.मीटर. एकूण १,४३२ वॅट. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणजे ०.४१ टन.

चूक: फूटवालं समजून ०.१६ × १.७३०७ = ०.२७७. एकूण १७ किलोवॅटच्या वर, जवळपास ४.९ टन. पफसाठी ०.२७७ हा आकडा टप्पा ७ लाच अडकायला हवा.

*भट्टीचं अस्तर, चौदा टक्क्यांची चूक.* आत २३० मिमी फायरक्ले वीट, १.२ वॅट/(मीटर·केल्विन). तिच्यामागे ११५ मिमी इन्सुलेटिंग वीट, ०.२२ किलोकॅलरी/(मीटर·तास·°से), ४०० °से सरासरीला. आतली बाजू ९८०, बाहेरचा पत्रा ८० °से, फरक ९००.

प्रत्येक थराचा विरोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. पहिल्या थराचा ०.२३ ÷ १.२ = ०.१९२. दुसऱ्याची वाहकता आधी बदला: ०.२२ × १.१६३ = ०.२५६, विरोध ०.११५ ÷ ०.२५६ = ०.४४९. बेरीज ०.६४१. गळती ९०० ÷ ०.६४१ = सुमारे १,४०० वॅट दर चौ.मीटर.

०.२२ तसेच वापरले, म्हणजे वाहकता चौदा टक्के कमी धरली, तर बेरीज ०.७१४ आणि गळती १,२६०. दहा टक्के कमी. दोन्ही उत्तरं शहाणी दिसतात. ०.२२ आणि ०.२५६ दोन्ही इन्सुलेटिंग विटेच्या पल्ल्यात बसतात, त्यामुळे टप्पा ७ इथे मदत करत नाही. एका थराचा आकडा वॅटमध्ये, दुसऱ्याचा किलोकॅलरीत, ही सरमिसळ फक्त टप्पा १ मध्ये एकक उतरवून घेतलेलं असेल तरच सापडते.

या उदाहरणात थरांचं तापमानही लगेच तपासून घ्या. १,४०० × ०.१९२ = सुमारे २६९ °से पहिल्या थरात उतरतात, म्हणजे दोन विटांमधली जागा ७११ °से. दुसऱ्या थराची सरासरी (७११ + ८०) ÷ २ = ३९५. आकडा ४०० ला दिलेला होता, जुळला. पहिल्या थराची सरासरी ८४५ येते, तर १.२ हा आकडा त्याच तापमानाचा आहे का ते पुरवठादाराच्या आलेखावर बघा. नसेल तर योग्य आकडा घेऊन पुन्हा एक फेरी करा. बहुतेक वेळा दोन फेऱ्यांत उत्तर स्थिर होतं.

टप्पा ९: खरेदीच्या कागदावर काय लिहायचं

चौकशीपत्रावर ‘के = ०.०२३’ एवढंच लिहिलं तर तीन पुरवठादार तीन एककांत उत्तर देतील आणि तुलना पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. मूळ आकडा आणि बदललेला आकडा दोन्ही एका ओळीत ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येतं. अशी ओळ पुरेशी आहे:

“पफ, घनता ४० किलो/घनमीटर, वाहकता जास्तीत जास्त ०.०२३ वॅट/(मीटर·केल्विन), सरासरी २४ °से ला. चाचणी आयएस ३३४६ (भारतीय मानक) प्रमाणे. पुरवठादाराचा मूळ आकडा ०.१६ बीटीयू·इंच/(तास·चौ.फूट·°फॅ), ७५ °फॅ ला, गुणक ०.१४४२३.”